तीन देशांचा वाडगा

सकाळी काचेचं कपाट उघडं होतं आणि आतला वाडगा गायब होता.

पाटी जागेवर होती: 'पर्शियन साम्राज्य, अडीच हजार वर्षांपूर्वी. काठावर इजिप्तची कमळं, पोटावर पर्शियाची कीलाक्षरं, बुडाशी ग्रीक कुंभाराची खूण.' एका मातीच्या वाडग्यात तीन देश. निशी-कसाई या जपानी उपनगरातल्या त्या चिमुकल्या संग्रहालयात लोक येत ते एवढं बघायला, आणि पाऊस असला तर.

कपाटाची चावी दोघांकडे. अभिरक्षक मोरिता-सान आणि पार्ट-टाइम गाइड ज्योत्स्ना. संचालिका आओकी-सानांनी दोघांकडे पाहिलं आणि कागद ज्योत्स्नापुढे सरकवला. माफीपत्र.

"मी चोरलेला नाही."

"तसं लिहिलेलंच नाही. त्रास झाल्याबद्दल माफी आणि उद्यापासून येणार नाही, एवढंच."

"त्रास मला झालाय. मग माफी कोणी मागायची?"

आओकी-सानांनी घाईने चहाचा घोट घेतला. कप रिकामा होता.

मोरिता-सान हळहळले. "उद्याच प्रयोगशाळेची माणसं वाडगा तपासायला येणार होती. आज ओजिमाच्या घरून मुद्दाम लवकर आलो, तर हे!"

ज्योत्स्नाचा फोन वाजला. नवरा.

"ज्यो, जळणारा कचरा खाली ठेवून आलो. आज त्याचाच वार असतो ना?"

"हो. शशांक, माझ्यावर चोरीचा आळ आलाय."

"अगं, मग सही करून टाक! इथे सॉरी म्हणजे आपला नमस्कार."

"नमस्काराने नोकरी जात नाही," म्हणत तिने फोन ठेवला. मग एकदम खिडकीशी गेली.

कचऱ्याची गाडी येऊन गेली होती. कावळ्यांसाठी लावलेल्या जाळीखाली एकच पिशवी उरली होती. तिच्यावर चिठ्ठी: 'हा कचरा आज नेत नाही.'

ज्योत्स्नाने पिशवी आणून संचालिकांच्या टेबलावर ठेवली. आत वर्तमानपत्रात नीट बांधलेलं पुडकं, त्यावर सुबक अक्षरांत 'धोका! फुटकी वस्तू'. पुडक्यात खापऱ्या. एकीवर कमळ.

"चोराने कचरेवाल्यांच्या बोटांची काळजी घेतली," आओकी-सान गहिवरल्या.

"वाराची नाही घेतली. मोरिता-सान, तुमच्या ओजिमात न जळणारा कचरा कधी नेतात?"

"आज," मोरिता-सान चटकन म्हणाले. कचऱ्याबाबत खोटं बोलणं त्यांना जमलंच नसतं. मग ते पांढरे पडले.

"मी याच गल्लीत राहते. नवी होते तेव्हा शेजारच्या बाई माझी चुकलेली पिशवी दारात आणून द्यायच्या, वर वाकून नमस्कार. इथला वार मी चुकणार नाही. फुटकी वस्तू आज ठेवेल तो ओजिमाचा माणूस. आणि कपाट चावीने उघडलंय."

"पण स्वतःचाच वाडगा कोण फोडेल?" आओकी-सानांनी विचारलं.

"तपासला असता तर वय कळलं असतं. चोरीला गेलेला वाडगा कायम अडीच हजार वर्षांचा राहतो."

तिने बुडाची खापरी उलटी केली. आतला लेप फुटताना निखळला होता. खाली मातीत उलटी अक्षरं उमटली होती. शंभर येनच्या दुकानातला प्लास्टिकचा वाडगा पालथा घालून त्यावर माती थापलेली. ज्योत्स्नाने खापरी आरशासमोर धरली.

मेड इन जपान.

"पर्शियन सम्राटाच्या सूसाच्या राजवाड्यावर आयोनियाचे ग्रीक पाथरवट होते, इजिप्तचे सोनार होते," मोरिता-सान पुटपुटले. "ते सगळं खरं आहे हो. पुरावा तेवढा आपल्याकडे नव्हता." ते कंबरेत खोल वाकले.

"वाकू नका." ज्योत्स्नाने माफीपत्रावरचं आपलं नाव खोडलं आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. "सही करा."

त्यांनी केली.

"उद्या... तुम्ही याल ना?" आओकी-सानांनी चाचरत विचारलं.

"येणार तर! प्रयोगशाळेच्या माणसांना चौथा देश कोण दाखवणार?"