मास्तरांची चेष्टा

"बाई, काहून रडवून राहिल्या त्याला?"

जनावरांच्या दवाखान्यात, बाकावर शेजारी बसलेल्या गृहस्थांनी मला विचारलं. रडत होता तो बंटी, माझ्या नातीचा शुगर ग्लायडर. खारीएवढा जीव, पाठीवर काळा पट्टा, आणि पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत कातडीचा पडदा. तो ताणून उडी मारली की हवेत तरंगायचा. दुर्वा शिकायला पुण्याला गेली आणि बंटी माझ्या गळ्यात पडला. त्या दिवशी मात्र तो मागचे पाय ओढत होता, आणि मी टोपलीत हात घातला की करकर ओरडत होता.

"मी कुठं रडवतेय? नुसता उचलायला..."

"वरून हात नका घालू. त्याला वाटते, घुबड आलं."

इतक्यात त्यांच्या शर्टाचा खिसा हलला. मी दचकले.

"तुमच्या खिशात काहीतरी—"

"मोना आहे. नवीन माणूस दिसलं की लाजते."

खिशातून बंटीसारखेच दोन टपोरे काळे डोळे वर आले आणि पुन्हा आत गेले. मी किती दिवसांनी अशी खळखळून हसले, देव जाणे! त्यांनी तळहात खालून पुढे केला आणि तसाच स्थिर धरला. बंटीनं वास घेतला, विचार केला, आणि लंगडत चढला.

आत डॉक्टर शिवांगीनं त्याला तपासलं. "आंटीजी, सिर्फ फल खिला रही थीं न? कॅल्शियम कम पड़ गया है." अंडं, अळ्या, औषधाची पावडर, आणि पडला तरी लागू नये असा बुटका पिंजरा. "और इसे अकेला मत रखिए. ये झुंड में जीते हैं."

बाहेर आल्यावर मी बाकावरच्या माणसाकडे पाहिलं. ते माझी वाट पाहत थांबले होते.

शांताराम मेश्राम. घराणं भंडाऱ्याचं, पण जन्म जबलपूरचा. जवळच्या पनागरला घर, तिथल्याच शाळेत हिंदीचे मास्तर होते. पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली. मी विनता, मिरजेची. हे गेल्यावर मुलाकडे आले. प्रसन्नची बँकेतली नोकरी, जबलपुरात महाराजपूरच्या कॉलनीत घर, आणि दिवसभर बोलायला कुणी नाही. माझी हिंदी भाजीपुरती.

मास्तर दुपारी येऊ लागले, अळ्यांची डबी घेऊन.

"लोक फुलं आणतात," मी म्हटलं, "तुम्ही अळ्या!"

"फुलं खाईल काय बंटी?"

"म्हणजे बंटीसाठीच येता?"

ते खिडकीबाहेर बघू लागले. "अच्छा... चहा ठेवून राहिल्या का?"

दोन ग्लायडर एकदम एकत्र सोडायचे नसतात. आधी त्यांना एकमेकांचा वास ओळखीचा व्हावा लागतो, म्हणून झोपायच्या पिशव्या बदलायच्या. माझ्या जुन्या सुती साडीची पिशवी त्यांच्या घरी गेली आणि त्यांच्या फ्लॅनेलच्या शर्टाची माझ्याकडे आली. बंटी दिवसा त्या पिशवीत, पिशवी माझ्या गळ्यात. साबणाचा, थोडा पुस्तकांचा वास. लग्नानंतर ह्यांचा सदरा पहिल्यांदा धुवायला घेतला होता, तेव्हाचं आठवलं... वास कसा माणसाच्या आधी घरात येतो! मी ती पिशवी धुतली नाही. बंटीसाठी हं!

हळूहळू बंटीचे पाय सावरले. मोना आमच्याकडेच राहायला आली, आणि दोघं एका पिशवीत गुरफटून झोपू लागली. आणि नेमकी प्रसन्नची बदली झाली, इंदूरला. सामान बांधायला सुरुवात झाली.

मास्तरांना सांगितलं, तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"विनताजी, तुम्ही इथंच राहाव्या... माझ्यासोबत. म्हणून तर इतके दिवस चेष्टा करून राहिलो मी. मनापासून चेष्टा केली."

माझ्या कानशिलांपर्यंत आग गेली. या वयात? विधवा बाईची चेष्टा, आणि वर मनापासून?

"तुमची मोना घेऊन जा," मी म्हटलं. "आणि पुन्हा येऊ नका."

मोनाला खिशात ठेवून ते खाली मान घालून गेले.

बंटीनं खाणं सोडलं. पोटावरचे केस स्वतःच उपटू लागला. व्हिडिओ कॉलवर दुर्वानं ते पाहिलं.

"आजी, तो एकटा पडलाय! मोना कुठंय?"

मला सगळं सांगावं लागलं, मास्तरांच्या त्या चेष्टेसकट. ती इतकी हसली की फोन तिच्या हातातून पडला.

"अगं आजी! ते हिंदीचे मास्तर ना? हिंदीत चेष्टा मतलब कोशिश! ते तुला म्हणाले, मी मनापासून प्रयत्न केला."

मी चपला घातल्या. बंटीला गळ्यात घेतलं आणि रिक्षा केली पनागरची. वाटभर मनात एकच: त्यांनी दार उघडलं नाही तर?

दार उघडंच होतं. मास्तर अंगणात मोनाला पपईचा तुकडा भरवत होते. मला पाहून उठले, पण पुढे आले नाहीत.

"मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा," मी धापा टाकत म्हटलं. "टिंगल."

त्यांचा चेहरा पांढरा पडला. "अरे देवा... आणि मी तुम्हाला..."

"हो. तुम्ही मला."

"घरची मराठी आमची, अर्धी हिंदीच. मग कोशिशला काय म्हणतात तुमच्यात?"

"प्रयत्न."

बंटी पिशवीतून निघून माझ्या खांद्यावरून झेपावला आणि थेट त्यांच्या छातीवर जाऊन चिकटला. त्या चिमुकल्या, बऱ्या झालेल्या पायांचे मी किती आभार मानू?

"मग विनताजी," मास्तर बंटीला तळहाताचा आधार देत म्हणाले, "माझा प्रयत्न... सफल झाला का?"

"झाला," मी म्हटलं. "पण चेष्टा थांबवू नका. दोन्ही भाषांतली."