मंगळवारीच नेट पळतं कसं?

"अजिनाथमामा, नेट परत गेलं बघा!" मोबाइलवर सुकन्याला रडू फुटायचंच बाकी होतं. "आज एक जरी कॉल तुटला तर साहेब मला कामावरून काढणार हायत."

दिंद्रुडचा केबलवाला अजिनाथ कपाळाला हात लावून बसला. तीन आठवडे त्यानं काय करायचं बाकी ठेवलं होतं? मोडेम बदलले, खांबावरचा अॅम्प्लिफायर बदलला, जोड तपासले. सगळं मुसळ केरात. आता त्याचं डोकंच फिरलं.

सुकन्या घरात बसून पुण्याच्या कंपनीचे कॉल घ्यायची. नेट मरायच्या वेळा तिनं लिहून ठेवल्या होत्या. सकाळी आठ ते अकरा, संध्याकाळी चार ते सात. मंगळवारी मात्र दिवसभर नेट पळायचं.

मंगळवारी गल्लीत बंद काय असतं? पिठाची गिरणी! तिच्या चालायच्या वेळाही त्याच. अजिनाथ तरातरा तिकडं गेला.

"अभिमन्यू, तुझ्या मोटारीनं माझं नेट खाल्लं बे!"

अभिमन्यूनं अंगावरचं पीठ झटकलं. "माझी गिरणी कवापासून हाय?"

"पंधरा वर्सं झाली."

"आन् नेट कवा बिघडलं?"

"दिवाळी झाल्यावर."

"मग माझ्यावर कावून खेकसतो बे?"

बोलणं तर खरं होतं. मग दिवाळीनंतर इथं नवीन काय झालं? गिरणीला लागूनच शहादेवचं घर होतं. दाराला कुलूप, सगळी ऊसतोडीला गेलेली. त्यांची टीव्हीची केबल खिडकीतून बाहेर आली होती आणि तिचं उघडं टोक गिरणीच्या भिंतीला लोंबत होतं.

त्यानं खिशातलं केबलचं टोपण काढून टोकावर घट्ट बसवलं. गिरणी धडधडतच होती. त्यानं सुकन्याला फोन लावला.

"पळायलंय मामा! लई जोरात!"

मग त्यानं रागारागानं शहादेवला फोन लावला. "बॉक्स काढून वायर उघडी कुणी सोडली रे?"

"तुमीच की!" शहादेव फडातून हसला. "सहा महिने घर बंद, उगं पैसे कावून भरता असं म्हणून तुमीच बॉक्स काढून नेलता."

अजिनाथ मान खाली घालून सुकन्याच्या दारात आला.

"मोटारीचा गोंगाट त्या उघड्या टोकातून तारेत शिरायचा आन् साऱ्या गल्लीचं नेट गुदमरायचं. गिरणी जुनीच हाय, टोक औंदा उघडं राहिलं. दरसाली टोपण लावतो, यंदा गडबडीत इसरलो. आन् बोंबलत गावभर फिरलो."

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. सुकन्याचा चेहरा पांढराफटक पडला. अजिनाथनं तिच्या हातातून फोन घेतला.

"साहेब, पोरीची काय बी चूक न्हाई. नेटचा चोर सापडलाय. मीच बोलायलोय."