कोऱ्या रकान्यातला पत्ता

विषय: म्हातारीच्या अर्जात लिहिलेला पत्ता रद्द करण्याबाबत.

उपरोक्त विषयी सांगायचे ते असे, की निवारा कार्यालयाच्या खिडकीवर बसणारे भाऊसाहेब मनाने वाईट नव्हते. बेघरांना निवाऱ्यात जागा मिळावी म्हणून येणारे अर्ज ते घेत. अर्जात राहण्याचा पत्ता सक्तीचा होता. रकाना कोरा दिसला की अर्ज परत. बेघराने पत्ता आणायचा कुठून, हा प्रश्न नियम करणाऱ्याला पडला नव्हता आणि भाऊसाहेबांनी तो वर कळवला नव्हता.

त्या दुपारी ते डबा उघडत होते, तोच म्हातारी खिडकीशी आली.

"दोन दिवस पोटात काही नाही, दादा."

भाऊसाहेबांनी डब्यावर झाकण ठेवले. एकीला घास दिला की उद्या रांग लागणार! पण मनाला टोचले, म्हणून त्यांनी त्यातल्या त्यात स्वस्त उपकार केला. कोऱ्या रकान्यात स्वतःच्या घराचा पत्ता लिहिला.

"आजी, कुणी विचारलं तर हाच सांगा."

तिने तो पुटपुटत पाठ केला. "जागा आहे ना तिथं?"

"भरपूर," भाऊसाहेब म्हणाले. जेवण गार होत होते.

संध्याकाळी म्हातारी कार्यालयाच्या पायरीवर मेलेली आढळली.

तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, भाताचं पातेलं कुणी रिकामं केलं?"

"मांजर असेल."

"झाकण परत लावून जाणारं?"

भाऊसाहेब हसले. फार नाही.

रविवारी बायको बहिणीकडे गेली होती. भर दुपारी भाऊसाहेब एकटे खुर्चीत बसले होते. आधी ओल्या चिंध्यांचा वास आला. मग स्वयंपाकघरात कुणीतरी हलक्या आवाजात पुटपुटू लागले... घर क्रमांक, गल्ली, मजला... एकही चूक नाही. पातेल्याचे झाकण वाजले. मग नुसता चावण्याचा आवाज, घाईघाईचा, संपतच नव्हता.

"कोण... कोण आहे?"

चावणे थांबले.

"जागा आहे ना, दादा...?"

चपला न घालताच ते जिना उतरले. त्याच दिवशी घराला कुलूप लागले आणि नवरा-बायको मेहुणीकडेच राहिले.

खोटा पत्ता आपणच लिहिला, हे कबूल केले तर नोकरी जाणार. न केले तर घर. भाऊसाहेबांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी पत्ता रद्द करण्याचा रीतसर अर्ज दिला. नियमाप्रमाणे चौकशीवाले त्या घरी जाऊन आले. त्यांचा शेरा फाइलला लावला आहे:

'समक्ष पाहणी केली. म्हातारी दिलेल्या पत्त्यावरच राहते. दार तिनेच उघडले. घरात आणखी कोणी राहत नाही, असे सांगितले. जेवून जा म्हणाली, म्हणून जेवलो.'

भाऊसाहेबांचा अर्ज प्रलंबित आहे.