प्रुइटच्या नावापुढची रिकामी चौकट

पोस्टाच्या पायरीवर माझा पाय घसरला, मी कशीबशी सावरले, पण हातातलं पाकीट मात्र उडून बर्फात उलटं पडलं.

मागून येणाऱ्या माणसाने ते उचललं, बाहीला पुसलं आणि मी काही बोलायच्या आत निळ्या टपालपेटीत टाकूनही दिलं.

"झालं तुमचं काम," तो म्हणाला. "बर्फात उभं राहून आभार मानायची गरज नाही. आत या, आत माना."

त्याच्या काखेत कमरेइतक्या उंचीचं एक खोकं होतं, आणि केसांत लाकडाचा भुसा. डिसेंबरच्या थंडीत टोपी न घालता फिरणारा माणूस एकतर वेडा असतो, नाहीतर...

"मी ओळखलं तुम्हाला," तो म्हणाला. "थिया लिंडर. पेपरात तुमचा फोटो येतो. फोटोत तुम्ही चिडलेल्या दिसता."

"आणि प्रत्यक्षात?"

"प्रत्यक्षात... नाक लाल आहे."

मला हसू आलं. त्याचं नाव कॅझ व्रोना. दक्षिण मिलवॉकीत त्याच्या वडिलांनी सुरू केलेला बेसबॉलच्या बॅटींचा कारखाना होता. कारखाना कसला, एक मोठी खोली आणि दोन लेथ. वडील गेल्यावर तो एकटाच चालवत होता.

"तुम्ही लिहिलं होतंत, यंदा हॉल ऑफ फेमसाठी तुम्हाला पहिल्यांदा मत आहे," तो म्हणाला. "दहा वर्षं बेसबॉलवर लिहिल्याशिवाय मिळत नाही ना ते? मग एक विचारू? ओझेल प्रुइट?"

मी त्या निळ्या पेटीकडे पाहिलं. कारण त्याने आत्ताच, स्वतःच्या हाताने, जे पाकीट पेटीत टाकलं होतं ना... त्यात माझी मतपत्रिका होती. चार नावांपुढे फुल्या होत्या. प्रुइटच्या नावापुढची चौकट रिकामी होती.

"मतदान गुप्त असतं," मी म्हटलं.

"म्हणजे अजून ठरलेलं नाही!" त्याचा चेहरा उजळला. "फॉर्म वर्षअखेरपर्यंत पोचला की चालतो. तोवर एकदा माझ्याकडे या. मला बोलायचं नाहीये... फक्त काही दाखवायचंय."

तेव्हाच सांगायला हवं होतं मी. नाही सांगितलं. त्याचे डोळे करडे होते आणि पापण्यांवर बर्फाचे दोन कण थांबले होते — एवढंच कारण, दुसरं काही नाही.

हॉल ऑफ फेम म्हणजे बेसबॉलच्या अमर खेळाडूंचं दालन, आणि त्याच्या उमेदवारांच्या यादीतलं प्रुइटचं ते पंधरावं आणि शेवटचं वर्ष होतं. त्यानंतर नाव कायमचं बाद. माझं गणित सरळ होतं. चारशे बारा होम रन, म्हणजे तितक्यांदा चेंडू थेट मैदानाबाहेर, ठीक. पण फटक्यांची सरासरी हजारात अडीचशेच्याही खाली, बॅट फिरवून हुकण्यात कायम पुढे, आणि तीन शहरांसाठी खेळून एकही विजेतेपद नाही. तो निवृत्त झाला तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि आयोवातल्या ज्या गावात वाढले तिथे त्याचे सामने दिसत नसत. मी आकड्यांवर वाढले होते. आकडे म्हणत होते — उत्तम खेळाडू, अमर नव्हे.

दोन दिवसांनी मी कारखान्यात गेले. लेख मिळेल, असं स्वतःला सांगत गेले.

आत ताज्या कापलेल्या लाकडाचा गोडसर वास होता. कॅझने भिंतीवरून एक जुनी बॅट उतरवली आणि माझ्या हातात दिली.

"ही एका चांगल्या खेळाडूची. नाव नाही सांगत. चेंडूचे डाग बघा."

बॅटभर काळपट डाग होते, वीतभर लांबीत इकडेतिकडे विखुरलेले.

"असंच असतं सगळ्यांचं," तो म्हणाला. "चेंडू ताशी नव्वद मैलांनी येतो, डोळ्याची पापणी लवायच्या आत. तो बॅटला लागला हेच खूप. आता ही बघा. मिस्टर ओझेलची. एका आख्ख्या हंगामाची."

मी ती बॅट दिव्याखाली धरली, फिरवली, पुन्हा फिरवली.

एकच डाग होता. कॉफीच्या कपाच्या बुडाएवढा. बाकी लाकूड नव्यासारखं गोरं होतं, आणि त्या एवढ्याशा गोलात लाकडाच्या रेषा इतक्या दाबल्या गेल्या होत्या की तिथे आरशासारखी चकाकी आली होती. मी बोट टेकवलं. तिथे चक्क खळगा होता.

"शेकडो चेंडू," कॅझ हलकेच म्हणाला. "सगळे इथेच. वडील म्हणायचे, या माणसाला बॅट अर्धीच दिली तरी चालेल, बाकीची तो वापरतच नाही."

माझ्या अंगावर काटा आला. दहा वर्षं मी या खेळावर लिहीत होते, आणि असं काही मी पाहिलं नव्हतं.

"मग सरासरी इतकी कमी का?" माझा आवाज मलाच चिरका वाटला.

"ते मला काय विचारता? मी सुतार. ज्यांनी त्याला चेंडू टाकले त्यांना विचारा." मग जरा थांबून, "शुक्रवारी मासे खायला याल? म्हणजे... उत्तर मिळालं असेल तर ऐकायला."

"आणि नसेल मिळालं तर?"

"तर नुसते मासे."

मी फोन फिरवले. नेब्रास्कात लायल बीकमन नावाचा एक निवृत्त पिचर शेती करत होता, त्याने प्रुइटला अकरा वर्षं चेंडू टाकले होते.

"प्रुइट?" तो फोनवर हसला. "बाई, मी त्याला चेंडू टाकलेच कुठे? मुद्दाम बाहेर टाकायचो. घे चार बाहेरच्या चेंडूंचा फुकटचा पहिला बेस आणि जा बाबा. एकदा तर तिन्ही बेसवर त्यांची माणसं उभी होती, तरी मी चारही चेंडू मुद्दाम बाहेर टाकले."

"म्हणजे सगळे एकेक बेस पुढे सरकले, आणि तुम्ही एक धाव फुकट देऊन टाकलीत?"

"एक दिली, चार वाचवल्या! पंचेचाळीस हजार लोक माझ्या नावाने ओरडत होते, आणि मला मात्र रात्री शांत झोप लागली." मग त्याचा आवाज उतरला. "आम्ही सगळ्यांनी हेच केलं. हंगामभर त्याला खेळण्याजोगे चेंडू मिळायचे ओंजळभर. मग तो वाईट चेंडूंवरही बॅट फिरवायचा, आणि हुकायचा. त्याची सरासरी आम्ही खाल्ली, बाई. हे मी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंच नाही."

शुक्रवारी, तळलेल्या माशांच्या आणि बटाट्याच्या पॅनकेकच्या वाफेत, मी हे सगळं कॅझला सांगितलं. तो खायचा थांबला. मी बोलत होते आणि तो माझ्याकडे असा बघत होता की मला राय ब्रेडचा तुकडा कुठे ठेवावा ते कळेना.

"तू सांगताना हात हलवतेस," तो म्हणाला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, आम्हा दोघांनाही कळलं नाही.

"बोलताना सगळेच हलवतात."

"तू बिअर सांडवलीस माझी."

त्याने रुमाल काढला, आणि टेबल पुसता पुसता त्याची बोटं माझ्या बोटांशी येऊन थांबली. उचलली नाहीत त्याने. मीही नाही. मला फार सुखाचं वाटलं... आणि फार वाईटही. ते पाकीट केव्हाच जिथे पोचायचं तिथे पोचलं होतं.

नाताळच्या आदल्या शनिवारी कॅझचा फोन आला. "लगेच ये. मिस्टर ओझेल आलेत."

ओझेल प्रुइट साठ वर्षांचे होते, निवृत्तीनंतर याच शहरात राहत होते. अलाबामातला मऊ, लांबवलेला उच्चार, प्रचंड खांदे, आणि गुडघे इतके गेलेले की खुर्चीतून उठायला त्यांना टेबलाचा आधार लागायचा. नातीसाठी बॅट करून घ्यायला ते आले होते.

"वजन बघायला हवं," असं म्हणत ते मागच्या शाळेच्या मैदानाकडे निघाले, घोटाभर बर्फातून, लंगडत. कॅझ चेंडू घेऊन समोर उभा राहिला.

पहिला चेंडू हुकला. दुसराही. म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास देतोय आपण, असं मला वाटलं.

"कॅझ," ते म्हणाले, "प्रेमाने नको टाकू रे. टाकायचा तसा टाक."

कॅझने जोर लावला.

बॅट फिरताना मला दिसलीच नाही. मनगटं हलली, एवढंच. आणि तो आवाज... तो कानांना नाही, छातीत लागला. तारांवरचा बर्फ भुरभुर खाली आला. चेंडू वर गेला, आणि वरच जात राहिला — शाळेच्या तीन मजली इमारतीवरून, तिच्या धुराड्यावरून, करड्या आभाळात एक ठिपका होऊन, आणि मग ठिपकाही नाही. त्याच्या पडण्याचा आवाज आलाच नाही.

माझा हात तोंडावर गेला होता. देवळात उभं राहिल्यावर जसं वाटतं तसं वाटत होतं, बोललो तर काहीतरी मोडेल.

"जड आहे थोडी," प्रुइट हात झटकत म्हणाले. "नात नऊ वर्षांची आहे. दोन औंस उतरव." आणि ते शेगडीकडे आत निघून गेले.

कॅझ धावत माझ्याकडे आला. गाल लाल, श्वासाची वाफ, डोळ्यांत नुसता आनंद. "आता? आता तरी फुली मारशील ना?"

आणि मी सांगितलं. सगळं. पोस्टाची पायरी, उलटं पडलेलं पाकीट, रिकामी चौकट.

"ते... ते पाकीट मी टाकलं," तो म्हणाला.

"हो."

"आणि तू तीन आठवडे माझ्यासोबत मासे खात होतीस."

"कॅझ, मला सांगायचं होतं, पण..."

"पण काय?"

"तू पुन्हा बोलावणार नाहीस असं वाटलं."

तो वळला. आत गेला. दाराबाहेर मला लेथ सुरू झाल्याचा आवाज आला.

मी मतमोजणीच्या ऑफिसात फोन केला. आलेलं मत परत मिळत नाही, त्यांनी सभ्यपणे सांगितलं. मग मी आमच्या क्रीडा संपादकाकडे गेले. मर्व्ह गँट्झ, तीस वर्षं याच खुर्चीत, तोंडात कायम न पेटवलेली सिगार.

"मला लिहायचंय की मी चुकले," मी म्हटलं.

"पहिल्याच मताला? लोक हसतील, थिया. उद्या तू काहीही लिहिलंस तरी म्हणतील, हिचं हिलाच नंतर पटणार नाही."

"त्यात एका माणसाचाही उल्लेख येईल. बॅट बनवणारा. मला... तो आवडतो. वाचकांना ते कळायला हवं."

मर्व्हने सिगार काढली. "म्हणजे मत गेलं, अब्रू जाणार, आणि वर प्रेमाची जाहिरात. तो तरी बोलतोय का तुझ्याशी?"

"नाही."

"सुंदर," तो म्हणाला. "बाराशे शब्द. रविवारी."

लेख छापून आला. त्यात तो डाग होता, बीकमनची कबुली होती, शाळेवरून गेलेला चेंडू होता, आणि पहिल्याच ओळीत होतं की मी या माणसाला मत दिलेलं नाही. ऑफिसात कुणीतरी माझ्या टेबलावर जाड भिंगांचा चष्मा आणून ठेवला. फोन पुष्कळ आले. कॅझचा आला नाही.

जानेवारीत निकाल लागला. प्रुइट नऊ मतांनी हुकले.

नऊ. मी टेबलावर डोकं ठेवलं. त्या नवांतली एक मी. फोन वाजला तेव्हा उचलायचंही त्राण नव्हतं.

"मिस लिंडर? ओझेल प्रुइट बोलतोय."

"मिस्टर प्रुइट, मी... मला फार..."

"ऐका. तुमचा लेख माझ्या नातीने फ्रिजच्या दाराला चिकटवलाय. मला दूध काढताना रोज वाचावा लागतो. त्या बीकमनला मी वीस वर्षं भित्रा समजत होतो. काल त्याने फोन केला. तासभर बोललो आम्ही, दोघंही रडलो, म्हातारी माणसं. हे मत देऊन झालं नसतं." मागे गलका ऐकू येत होता. "पण आता माझ्या घरासमोर कसली तरी गर्दी झालीये, आणि मला भीती वाटतेय. याल का?"

खाली लॉबीत कॅझ उभा होता. कोट नाही, टोपी नाही, केसांत भुसा.

"मलाही फोन आला त्यांचा," तो म्हणाला. "गाडी बाहेर आहे."

गाडीत त्याने रस्त्यावरची नजर न हलवता म्हटलं, "तो लेख मी अकरा वेळा वाचला."

"मग फोन का नाही केलास?"

"उचलून ठेवत होतो. काय बोलायचं ते... तू आख्ख्या शहरासमोर बोललीस, आणि मी चार भिंतींत राग धरून बसलो होतो. लाज वाटली."

प्रुइटांच्या गल्लीत गाडी जाईना. आम्ही उतरून चाललो. संध्याकाळचा उजेड निळा झाला होता, आणि दोन्ही फुटपाथांवर माणसं उभी होती. म्हातारे, डबे घेऊन कामावरून परतणाऱ्या बायका, बापाच्या खांद्यावर बसलेली मुलं. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. घोषणा नाहीत, फलक नाहीत. बर्फ पडत होता आणि शेकडो माणसं टोप्या काढून उभी होती.

दार उघडलं. ओझेल प्रुइट सपाता घालून बाहेर आले, कठडा धरून. त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं. कुणीतरी टाळी वाजवली. मग दुसरी. मग सगळी गल्ली... हातमोज्यांमधल्या टाळ्यांचा तो आवाज जाड आणि खोल होता, जमिनीतून येतोय असं वाटणारा, आणि तो थांबेचना. तेवढा प्रचंड माणूस ओंजळीत तोंड लपवून उभा राहिला.

माझे डोळे भरून आले. कॅझचा हात माझ्या हातात केव्हा आला मला कळलं नाही. थंडगार होता, तळव्याला घट्टे पडलेला.

"थिया," तो माझ्या कानाशी म्हणाला, टाळ्यांमुळे जवळजवळ ओरडून, "माझं प्रेम आहे तुझ्यावर. पोस्टापासूनच होतं. रागावलो होतो तेव्हाही होतं."

"मोठ्याने सांग, ऐकू नाही आलं!"

"आलंय तुला!"

"हो," मी म्हटलं. "आलंय. माझंही आहे." आणि मी टाचा उंचावून त्याच्या थंड ओठांवर ओठ टेकले, सगळ्या गल्लीसमोर. आमच्याकडे कुणी बघत नव्हतं. सगळे त्या दाराकडे बघत होते, आणि एका क्षणानंतर आम्हीही बघायला लागलो, हात न सोडता.