बिनकाट्याचा मणी

नाशकातल्या द्वारका चौकात सिटी बसमधून उतरताना कुणाचं तरी कोपर ललिताच्या हातातल्या खोक्याला लागलं आणि तिचा दिवसातला पहिला राग तिथंच निघाला. खोक्यात साखरेचे गुलाब होते. पाकळी न् पाकळी तिनं देवळाली कॅम्पातल्या आपल्या स्वयंपाकघरात लाटून, वळून, वाळवून केलेली. "डोळे घरी ठेवून आलात का?" ती ओरडली. तो माणूस सॉरी म्हणत गर्दीत मिसळलासुद्धा. एका गुलाबाची कड दुखावली होती, बाकी सगळं शाबूत होतं. पण ललिताचा राग नुकसान मोजून येत नसे.

२००५ सालचा जानेवारी होता, संक्रांत तोंडावर आलेली. केकची सजावट आणि साखरेची कलाकुसर करणाऱ्यांचं संमेलन नाशकात पहिल्यांदाच भरत होतं, द्वारकेजवळच्या एका मंगल कार्यालयात. एरवी जिथं नवरा-नवरी खुर्च्यांवर अवघडून बसतात त्या स्टेजवर परीक्षकांची टेबलं मांडली होती. हॉलभर व्हॅनिलाचा वास होता आणि त्याच्याखाली कालच्या कुठल्या तरी लग्नातल्या मसालेभाताचा. थर्मोकोलवर आयसिंग फासलेले चार-पाच मजली केक ओळीनं उभे होते. निफाडच्या एका बाईनं साखरेचा द्राक्षघड केला होता, खऱ्या द्राक्षावर असते तशी पांढरट भुकटीही त्यावर होती, आणि येणारा-जाणारा हटकून एखादं द्राक्ष दाबून बघत होता. ललिताला टेबल मिळालं ते बाथरूमच्या वाटेवर, आणि छातीवरच्या बिल्ल्यात तिचं नाव चुकलेलं. दोन्ही गोष्टींवरून ती रीतसर भांडली. दोन्ही तशाच राहिल्या.

कामाला ती पक्की होती. देवळालीत तोफखान्यातल्या साहेबांच्या पोरांना वाढदिवसाला तोफच लागते. ललितानं चॉकलेटच्या इतक्या तोफा केल्या होत्या की तिचा नवरा निवृत्ती तिला 'सुभेदार' म्हणून चिडवायचा. गेल्याच आठवड्यात शेजारच्या बंटीचा सातवा वाढदिवस झाला. बंटीचे वरचे पुढचे दोन दात पडलेले, त्यामुळे फुंकर सगळी फटीतून निसटायची आणि मेणबत्त्या काही विझेनात. सगळे पोट धरून हसले. ललिताही हसली आणि घरी येऊन भांडी आपटत बसली. तिची सृष्टी आज बंटीएवढीच असती.

स्टेजच्या डाव्या बाजूला बायकांची झुंबड होती. काचेची एक पेटी, आत काळ्या मखमलीवर हलव्याचे दागिने. मुकुट, हार, बाजूबंद, मनगट्या, कंबरपट्टा, वाळे. वर पाटी: 'साखरकलेचं नवं रूप. कलाकार: आशा मॅडम.' कॉलेज रोडला आयसिंगचे क्लास घेणारी, पेपरात फोटो येणारी ही आशा मॅडम स्वतः पेटीशेजारी उभी राहून सांगत होती, "हा काटा आणणं म्हणजे तपश्चर्या आहे. माझी वर्षं गेली यात."

ललिता पुढे घुसली ती चुका काढायला. तिनं काटा पाहिला आणि काचेवर वाकली. सगळे काटे सारखे, टोकदार, तरी नाजूक. असा काटा तिनं एकाच हाताचा पाहिला होता. मग तिची नजर हाराच्या मधल्या मण्यावर गेली. लिंबाएवढा मोठा तो मणी काट्यावाचून होता, गुळगुळीत.

तिच्या आईचे, मंगलाबाईंचे हात तिला तिथल्या तिथं दिसले. थंडीच्या पहाटे कोळशाची मंद शेगडी, वर पितळेची परात, परातीत तीळ आणि साबुदाणे. चमचाभर पाक घालायचा आणि बोटांनी हलवत राहायचं, पुन्हा चमचाभर, पुन्हा हलवायचं. बोटांची टोकं भाजून निबर झालेली. नातवंडाच्या पहिल्या संक्रांतीला बोरन्हाण असतं, बाळाला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालतात. मंगलाबाई निफाडहून त्यासाठीच मुलीकडे येऊन राहिल्या होत्या. बाळाच्या दागिन्यांत त्या एक मणी मुद्दाम गुळगुळीत ठेवत. "लेकरू हार तोंडात घालतंय," त्या म्हणायच्या, "ओठाला टोचाया नाय पायजे. येक मणी बिनकाट्याचा ठेवायचा, त्याच्या चाटण्याचा." हे दुसरं कुणी करत नसे. कुणाला माहीतही नव्हतं, फक्त ललिताला आणि त्या वर्षी काटा शिकायला रोज घरी येणाऱ्या आशाला.

दागिने तयार झाले आणि सृष्टी तापानं गेली. आठ महिन्यांची होती. घरात कुणाला त्या डब्याकडे बघवेना. तेव्हा आशाच म्हणाली होती, "मावशी, डोळ्यांसमोर नको. मी गंगेत सोडून येते." नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. डबा आशाच्या पिशवीतून गेला, आणि संध्याकाळी येऊन तिनं सांगितलं, सोडले. मंगलाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला होता. ललितानं तर तिचे पाय धरले होते.

तेच पाय आता रेशमी साडीखाली टाचांच्या चपला घालून उभे होते.

"आशाताई," ललिता म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "हे तुम्ही गंगेत सोडलं होतं ना?"

आशाचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. मग ती हसली, क्लासमध्ये हसतात तसं. "अगं ललिता! किती वर्षांनी. काय म्हणतेस?"

"माझ्या सृष्टीचे दागिने आहेत हे. आईच्या हातचे. तो मणी बघा ना, सांगा ह्यांना तो गुळगुळीत का आहे."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एक परीक्षक चष्मा सरळ करत जवळ आले. आशानं आवाज अगदी मऊ केला. "तिचं बाळ गेलं होतं," ती परीक्षकांना म्हणाली, "बिचारी अजून त्यातून बाहेर नाही आलेली." आणि मग ललिताला, "अगं, तुझी मुलगी तान्ही होती. हा मुकुट बघ, ह्या मनगट्या बघ. सहा-सात वर्षांच्या पोरीच्या मापाच्या आहेत. तान्ह्या बाळाला हे कसं होईल?"

हे खरं होतं. रागाच्या भरात ललिताच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. मुकुट चांगला मोठा होता. वाळे तिच्या मुठीएवढे होते. तो मधला मणीसुद्धा; आईनं केला तेव्हा बोराएवढा होता.

"म्हणजे चोरलंस ते चोरलंस, वर उसवून मोठं केलंस!" ललिता कडाडली. 'तुम्ही' कधी गळून पडलं तिचं तिलाही कळलं नाही. "मेलेल्या पोराचं लेणं, लाज नाही वाटली?"

तिनं पेटीचं झाकण उचललं. कुणी तरी 'अहो, अहो' म्हणालं. ललितानं मुकुट काढला आणि उलटा केला.

मुकुटाच्या आतला पुठ्ठा तिच्या ओळखीचा होता. बारशाला निवृत्तीनं आणलेल्या साडीचं खोकं कापून आईनं तो केला होता. खोक्यावर हिरव्या कुयऱ्या छापलेल्या होत्या, करंगळीच्या नखाएवढ्या. मोठा करायचा तर पुठ्ठ्याला जोड द्यायला हवा. ललिता जोड शोधू लागली. तिनं कडेनं नख फिरवलं, उजेडात धरून पाहिलं.

जोड कुठंच नव्हता. पुठ्ठा अखंड होता. हिरव्या कुयऱ्या मात्र अंगठ्याएवढ्या झाल्या होत्या.

तिनं हाराचा दोरा पाहिला. आईची काळ्या दोऱ्याची दुहेरी गाठ, खाली मेणाचा ठिपका. ती कधी सुटलेली नव्हती.

हॉलमध्ये माईकवरून कुणाला तरी बोलावत होते. परीक्षक घशातल्या घशात काही तरी म्हणाले आणि दुसऱ्या टेबलाकडे वळले. बायकाही पांगल्या, भांडण संपलं असंच त्यांना वाटलं असावं. आशा पेटीच्या काचेला धरून उभी होती.

"खरं सांग," ललिता दात आवळून म्हणाली. "काय केलंस?"

"सोडायलाच निघाले होते गं." आशाचा आवाज आता वेगळाच होता, पूर्वी परातीशेजारी बसून शिकायची तेव्हाचा. "घाटापर्यंत गेले होते. डबा उघडला आणि तो काटा बघितला. मावशींसारखा काटा मला कधीच आला नाही. म्हटलं, नमुना म्हणून ठेवावा. साखरच तर आहे."

"मग?"

"पुढच्या संक्रांतीला बघायला काढले. परत ठेवताना डब्यात मावेनात."

"मग काय केलंस?"

"मोठा डबा आणला."

ललितानं मुकुटातल्या एका हिरव्या कुयरीवर अंगठा ठेवला.

"दर वर्षी आणते," आशा म्हणाली.

ललिताच्या दोन्ही दंडांवर सर्रकन काटा उभा राहिला. हलव्यावर येतो तोही काटा आणि अंगावर येतो तोही काटाच, हे तिला आजवर कधी सुचलं नव्हतं. तिनं पदरानं दंड झाकले. राग तसूभरही कमी झाला नव्हता, उलट आता त्याला धरायला जागा उरली नव्हती, म्हणून तो जास्तच जाळत होता.

"आणि इथं का मांडलंस? बक्षिसासाठी?"

"घरात एकटीला नको वाटतं," आशा म्हणाली. "इथं माणसं असतात." मग तिनं मान वळवली. "घेऊन जा. मी काही बोलणार नाही."

"तू काय बोलणार! सात वर्षं पोरीला डब्यात कोंडलंस." हे शब्द आपण का म्हणालो ते ललिताला कळेना. तिनं आपल्या टेबलाकडे जाऊन खोक्यातले गुलाब ओतले, एक-दोन मोडले, मोडू दे म्हणाली. परत येऊन रिकाम्या खोक्यात तिनं मखमलीसकट दागिने ठेवले. सगळ्यांत वर हार ठेवला. मधल्या मण्यावरून तिनं एकदा अंगठा फिरवला. मणी गोल होता, थंड, कोरडा, कुठं चरासुद्धा नसलेला. तिनं झाकण लावलं आणि सुतळीनं खोकं दोन्हीकडून बांधलं.

रिक्षावाल्याला तिनं गंगेवर चल म्हणून सांगितलं. खोकं मांडीवर दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. वाटेत ती मनातल्या मनात आशाला शिव्या देत होती, आणि शिव्या संपल्या की पहिल्यापासून सुरू करत होती. आईवरही चिडली, पोरीचं लेणं परक्या बाईच्या हाती दिलं म्हणून. मग स्वतःवर. आपण का नाही गेलो तेव्हा? घाट तरी कुठं लांब होता? खोकं हलकं होतं. एका वळणावर ते मांडीवरून जरा सरकलं आणि तिनं नकळत म्हटलं, "सरळ बस."

रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं. ललितानं बाहेर पाहिलं.

घाटावर दुपारचं ऊन होतं. धुणं वाळत घातलेलं, एक म्हातारा पायरीवर पेरू खात बसलेला. ललिता शेवटच्या पायरीवर उतरली. सुतळीच्या गाठी तिनं मारल्या होत्या तशाच होत्या. त्या तिनं दातांनी सोडवल्या.

आधी वाळे सोडले. मग मनगट्या, बाजूबंद, कंबरपट्टा. साखर पाण्यात पांढरी धूसर झाली आणि विरली. मुकुट थोडा वेळ तरंगला. हिरव्या कुयऱ्या वर करून तो बुडाला.

"जा गं माझे बाई," ललिता म्हणाली. पहिल्यांदा तिला रडू आलं. राग मात्र तिथंच होता, रडण्याच्या शेजारी.

शेवटी हार उरला. ती तो सोडायला वाकली आणि थांबली.

बाकीचे मणी कोरडे होते. मधला तेवढा ओला होता.

तिनं तो उन्हात धरला. मण्याचा एका बाजूचा लचका तोडलेला होता. तुटल्या जागी साखर अजून चिकट होती. कडेनं दातांचे बारीक ठसे उठले होते, डावीकडे आणि उजवीकडे. मध्ये, वरच्या पुढच्या दोन दातांच्या जागी, साखर तशीच उभी राहिली होती.