चिमट्याचा वाटा

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. यातलं प्रत्येक माप मी माझ्या हाताने घेतलं आहे, आणि ज्या वहीत ते लिहिलं ती वही अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. तुम्हाला पटलं नाही तर माझी तक्रार नाही. मलाही पटलेलं नाही.

ही रात्रीची गोष्टही नाही. सगळं भर दुपारी घडलं. दोनच्या सुमारास. बाहेर लख्ख ऊन असताना.

मी एका मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. जखमेतला पू, रक्त, थुंकी तपासायची आणि त्यात कोणते जिवाणू आहेत ते लिहून द्यायचं. अठरा वर्षं हेच करतेय. मला सहसा किळस येत नाही. डबासुद्धा मी शेजारच्याच खोलीत बसून खाते.

त्या दुपारी मात्र आली. अजून येते.

माझा मामा डोंगरातल्या एका लहान गावात राहतो. तिथे रानडुकरं शेतात घुसतात, म्हणून थंडीभर दर पंधरा दिवसांनी गावातले पुरुष बंदुका आणि कुत्री घेऊन वर रानात जातात. मामा सोळाव्या वर्षापासून जात होता. त्याचा कुत्रा तपकिरी, आखूड केसांचा. डुकराचा कान एकदा पकडला की सोडायचा नाही. म्हणून नाव चिमट्या.

चार वर्षांपूर्वी थंडी सरत आली होती, तेव्हा मामीचा फोन आला.

"अगं, मामांच्या पोटरीला जखम झालीय. चार आठवडे झाले, भरायचं नाव नाही. दवाखान्यात चला म्हटलं की अंगावर येतात. तू ये."

"मामी, मी डॉक्टर नाही गं."

"नसू दे. त्यांना कुठे कळतंय?"

रविवारी गेले. मामा ओट्यावर बसला होता. चेहरा उतरलेला, पण मला बघून हसला.

"आल्या आमच्या डॉक्टरीणबाई! सुई आणलीस की नुसताच उपदेश?"

"दोन्ही आणलंय. पाय दाखव."

त्याने पट्टी सोडली.

जखम दाखवायला लोक येतात तेव्हा आधी वास येतो. इथे वास नव्हता. पू नव्हता. खपली नव्हती. चार आठवड्यांची जखम आणि आत ताजं, लालगुलाबी, चकचकीत मांस. कडा गुळगुळीत. कुणीतरी रोज निगुतीने साफ करावी तशी.

मी मोजपट्टी लावून जखम मोजली. लांबी बेचाळीस मिलिमीटर. रुंदी तीस.

"कशाने झालं?"

"काटा लागला रानात. आधी नुसता ओरखडा होता."

"रोज कोण धुतं?"

"कुणीच नाही."

मामी दारातून म्हणाली, "सकाळी मी कोरडी पट्टी बांधते. जेवून दुपारी झोपतात. उठतात तेव्हा पट्टी सुटलेली असते आणि..."

ती थांबली.

"आणि काय?"

"ओली असते गं. चिकट."

मामाने तिच्याकडे रागाने बघितलं. मी जखमेतला नमुना कापसाच्या काडीवर घेतला. निघताना सहज गोठ्याकडे लक्ष गेलं. खुंट्याला साखळी होती. कुत्रा नव्हता.

"चिमट्या कुठाय?"

मामी म्हणाली, "शिकारीत चुकला. येईल म्हणतात. तुझा मामा तर विषयच काढू देत नाही."

नमुन्याचा निकाल तिसऱ्या दिवशी आला. मी तो दोनदा तपासला, मग शेजारच्या टेबलावरच्या बाईंना तपासायला दिला. त्यांचंही उत्तर तेच.

जखमेत कुत्र्याच्या तोंडातले जिवाणू होते.

काडीच्या कापसात दोन केसही अडकले होते. तपकिरी. आखूड.

पुढच्या रविवारी पुन्हा गेले. जखम एकसष्ट मिलिमीटर झाली होती. खोलीही वाढली होती. तळाशी काहीतरी पांढरट दिसत होतं. मी आमच्या शल्यचिकित्सकांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं. हाडाला पोचली तर गुडघ्याखालून पाय काढावा लागेल.

त्या दिवशी पट्टी मी स्वतः बांधली. कापूस, जाळीची पट्टी, त्यावर चिकटपट्टीचे सहा वेढे. मग खुर्ची ओढून खाटेजवळ बसले.

मामा जेवून आडवा झाला. पाच मिनिटांत घोरायला लागला.

मामी स्वयंपाकघरात भांडी घासत होती.

दोन वाजून चार मिनिटांनी भांड्यांचा आवाज थांबला. बाहेरच्या कोंबड्याही गप्प झाल्या.

मग...

चप... चप... चप...

ओला आवाज. जवळचा. कुत्रं पाणी पिताना येतो तसा, पण संथ. चवीने.

मी खाटेखाली बघितलं. फरशी. मामाच्या चपला. बाकी काही नाही.

आवाज चालूच होता.

चिकटपट्टीचं टोक आपोआप उचललं गेलं. एक वेढा सुटला. दुसरा सुटला. कापूस ओला होत गेला आणि त्यातून लाळेची तार लोंबली... खाली आली... आणि मध्येच तुटली.

मामाच्या पोटरीचं मांस किंचित ओढलं जात होतं आणि सुटत होतं. ओढलं जात होतं आणि सुटत होतं.

मी हात पुढे केला. का केला, सांगता येणार नाही. इतक्या वर्षांची सवय असेल. काय आहे ते बघायचं.

मनगटावर गरम श्वास आला. सडलेल्या मांसाचा वास. मग एक खरखरीत, जाड, ओली जीभ माझ्या तळव्यावरून बोटांच्या टोकापर्यंत फिरली.

मी किंचाळले. मामा जागा झाला.

त्याने आधी पायाकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. हात लाळेने चमकत होता. मी तो मागच्या नळावर चार वेळा साबणाने धुतला आणि तिथेच ओकले. परत आले तेव्हा मामा भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"तुलाही चाटलं?"

"मामा, चिमट्या कुठाय?"

त्याने सुटलेली पट्टी पायावर ओढून घेतली. मग सांगायला लागला.

त्यांच्यात एक रीत आहे. शिकार झाली की माणसांच्या आधी कुत्र्यांचे वाटे पडतात. टोळीचे म्होरके खडकावर काळीज आणि आतडी कापतात, रानातून परत आलेल्या कुत्र्यांइतकेच तुकडे करतात. मालकाने पुढे यायचं, कुत्र्याचं नाव घ्यायचं, तुकडा उचलून कुत्र्याला घालायचा. मेलेल्या कुत्र्याचं नाव त्या खडकापाशी कुणी घेत नाही. आणि ज्याच्या गोळीने त्याचाच कुत्रा जातो, तो बंदूक खाली ठेवतो. कायमची.

"डुकरावर झाडलेली गोळी चिमट्याच्या कमरेत गेली," मामा म्हणाला. "ओघळीत पडला होता. मागचे पाय गेलेले. मी जवळ गेलो तर शेपूट हलवायला बघत होता. माझा हात चाटला."

"मग?"

"वर फांद्या टाकल्या. आलो."

"जिवंत असताना?"

तो पोटरीवरची लाळ पुसत राहिला.

"दुसरी गोळी तरी घालायची, मामा!"

"आवाज झाला असता गं! सगळे धावत आले असते. सगळ्यांना कळलं असतं."

म्होरक्यांनी विचारलं तेव्हा त्याने सांगितलं होतं, चिमट्याच्या पायात काटा भरलाय, तो पुढे घरी पळाला. नाव घेतलं आणि वाटा उचलला. वाटेत टाकला तर कुणी बघेल म्हणून पिशवीत घालून घरी आणला. मामीला मात्र कुत्रा रानात चुकला म्हणून सांगितलं, आणि तिला वाटलं, मांस माणसांच्या वाटणीतलं आहे. तिने शिजवून ताटात वाढलं.

"आणि तू खाल्लंस?"

"समोर बसली होती ना ही. काय सांगणार होतो?"

दारात उभी असलेली मामी तोंडाला पदर लावून मागच्या अंगणात पळाली.

"अजून लोक विचारतात," मामा म्हणाला. "चिमट्या बरा आहे का म्हणून. मी म्हणतो, खातोय-पितोय."

तो हसला. मला ते हसू बघवलं नाही.

"म्होरक्यांना सांग."

"बंदूक जाईल."

"पाय जाईल, मामा!"

"पाय गेला तर माणूस लंगडा होतो. बंदूक गेली तर गावात तोंड कुठे दाखवू?"

मला त्याची दया आली नाही. लहानपणी याच माणसाच्या खांद्यावर बसून मी डोंगर बघितले होते. आणि आता त्याच्या शेजारी बसवतही नव्हतं.

मी उठले आणि म्होरक्यांना बोलावून आणलं. पासष्टीचा, कमी बोलणारा माणूस. मामाने मान खाली घालून सगळं सांगितलं.

त्यांनी एकच प्रश्न विचारला. "जिवंत होता?"

मामाने होकारार्थी मान हलवली.

म्होरके बाहेर जाऊन थुंकले. परत आले आणि म्हणाले, "ऊठ. दाखव."

आम्ही तिघंच गेलो. त्यांनी मामाला जवळजवळ उचलूनच नेलं. ओघळीत वाळलेल्या फांद्यांचा ढीग होता. म्होरक्यांनी काठीने फांद्या बाजूला केल्या.

मृत शरीर कसं कुजतं ते मला माहीत आहे. पाच आठवड्यांनी उघड्यावर काय उरतं, तेही माहीत आहे. डोकं अपेक्षेप्रमाणेच होतं. डोळ्यांच्या खाचा, उघडे दात, हाडाला चिकटलेली कातडी, त्यावर मेलेल्या अळ्यांची टरफलं.

पण पोट...

पोट भरलेलं होतं. तट्ट. नुकतंच जेवल्यासारखं. त्यावरची कातडी ताणून चकाकत होती.

मी हात लावला.

गरम होतं.

म्होरक्यांनी कमरेची सुरी काढून मूठ माझ्यापुढे धरली. "पोरी, तू शिकलेली आहेस. उघडून बघायचंय?"

एक काप. एवढंच लागणार होतं. आत काय आहे ते मी बरणीत घालून नेलं असतं, कुणाचं मांस आहे तेही सांगू शकले असते.

"नको," मी म्हणाले.

त्यांनी तिथेच खड्डा केला. मामाने बंदूक त्यांच्या हातात दिली आणि चिमट्याला आपल्या हाताने खाली ठेवलं. ठेवताना पोटातून काहीतरी गडगडल्याचा आवाज आला. तिघांनीही ऐकला. म्होरक्यांनी माती लोटली.

त्या दिवसापासून पट्टी कोरडी राहायला लागली. वहीत नोंद आहे. एकसष्ट. पंचावन्न. चव्वेचाळीस. तीस. सातव्या आठवड्यात जखम बंद झाली. शल्यचिकित्सक म्हणाले, अशा जखमा कधी कधी भरतात. मी बरं म्हटलं.

इथे संपलं असतं तर मी हे लिहिलं नसतं.

मागच्या महिन्यात मामाकडे गेले होते. आता तो शिकारीला जात नाही. कुत्राही पाळलेला नाही. गावातले लोक त्याच्याशी बोलतात, पण ओट्यावर बसत नाहीत. जेवणं झाली. मामी माझ्याशी बोलत बसली. मामा खाटेवर आडवा झाला, आणि त्याने धोतर गुडघ्यापर्यंत वर घेऊन तो पाय खाटेच्या कडेबाहेर लोंबता सोडला.

मी घड्याळ बघितलं. दोनला दोन मिनिटं कमी होती.

"मामी... हे काय?"

मामीने त्या बाजूला पाठ केली. "रोजचंच आहे. मी बघत नाही."

चप... चप... चप...

जुन्या व्रणावरची कातडी ओली झाली. जरा दबली. सुटली. दबली.

"मामा! पाय वर घे!"

त्याने डोळे उघडले नाहीत. त्याच्या चेहऱ्यावर मी इतक्या वर्षांत न बघितलेलं समाधान होतं.

"असू दे गं," तो झोपेतच पुटपुटला. "आता खात नाही. नुसता चाटतो."

त्याच्या टाचेवरून लाळ ठिबकत होती. फरशीवर थेंब पडत होते, आणि थेंबांची ओळ खाटेपासून माझ्या खुर्चीकडे येत होती.

मी दोन्ही पाय वर घेतले.

हे लिहितानाही ते खुर्चीतच, वर घेतलेले आहेत.