टॅन्सीचे अनवाणी पाय

ज्या साली लेमेंटिनाच्या बापाची गाडी जाळली, त्याच साली तिच्या थोरल्या बहिणीला इंग्लंडातल्या ब्रॉमयार्डच्या वाटेवर पहिला मुलगा झाला. एकोणीसशे त्रेसष्ट. त्या हिवाळ्यात नदी गोठली होती, आणि बर्फ वितळायच्या आत बाप गेला.

आम्हा जिप्सी लोकांत मेलेल्या माणसाचं काही ठेवत नाहीत. तो जिच्यात राहिला, निजला ती रंगीत लाकडी गाडी जाळतात, त्याची कपबशी फोडतात. त्याचं नाव पुन्हा घेत नाहीत. घेतलं तर त्याला वाटतं कुणी हाक मारली, आणि तो वाट सोडून मागे वळतो. त्याचा घोडाही घराबाहेर जातो.

टॅन्सी बापाची घोडी. काळी-पांढरी, बुटकी, रुंद पाठीची. गुडघ्यापासून खाली पांढऱ्या केसांची अशी दाट झालर, की खूर दिसतच नसत. बाप गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. गिऱ्हाइकं आली, झालर पाहून हरखली, आणि घोडी चार पावलं लंगडत चालताच निघून गेली. शेवटी इलाय काका म्हणाला, "शनिवारी खाटीक येतोय. मेलेल्याची घोडी किती दिवस दारात बांधायची?"

घोडी जाणार हे लेमेंटिनाला मान्य होतं. खाटकाकडे जाणार, हे नव्हतं.

बारीक पाऊस पडत होता. टॅन्सी कुंपणापाशी मागचा पाय आपटत होती आणि लेमेंटिना तिच्या मानेला टेकून उभी होती. रस्त्याने खांद्यावर पोतं घेतलेला एक मुलगा आला. मागे करड्या रंगाची शिकारी कुत्री. आपलाच, जिप्सी, पण ओळखीचा नाही. तो थांबला.

"खाज सुटलीय तिला."

"मी विचारलं का तुला?"

"तू नाही. तिनं विचारलं."

लेमेंटिनाने त्याच्या पोत्याकडे पाहिलं. कानस, पकड, वाकडी सुरी.

"नालबंद आहेस?"

"अर्धा. खूर कापतो, घासतो. नाल ठोकत नाही. अनवाणी चालणाऱ्यांचाच मी."

"म्हणजे अर्धं काम येत नाही, असं म्हण की! नाव काय तुझं?"

त्याने सांगितलं. ती हसली... बाप गेल्यापासून पहिल्यांदा.

"आमच्या कोंबड्याचं होतं हे नाव."

"कुठाय तो?"

"खाल्ला."

"मग मला जपूनच राहायला हवं," तो म्हणाला, आणि टॅन्सीचा पाय उचलून गुडघ्यांत धरला.

झालर बाजूला सारली तेव्हा आतलं दिसलं. खूर चपलेसारखा पुढे वाढला होता, कडेला तडकला होता. केसांच्या मुळांशी ओल्या खपल्या. "हाड धड आहे," तो म्हणाला. "जोडा मोठा झालाय एवढंच. आणि केसांत किडे आहेत. कोमट पाणी आण, मीठ घालून. नुसती उभी राहू नकोस."

लेमेंटिना धावली. पाणी आणलं. त्याने त्यात फडकं बुडवलं, खपल्या भिजवल्या. तिचं लक्ष त्याच्या ओल्या मनगटांवर होतं. तेवढ्यात बहिणीच्या गाडीच्या पायऱ्यांवरून आई ओरडली, "लेमेंटिना! कुठलं भांडं आहे ते?"

पांढरं भांडं. काठावर गुलाब. तोंड धुवायचं.

आमच्यात तोंडाचं भांडं वेगळं, ताटल्यांचं वेगळं, जनावरांचं वेगळं. रांगतं पोरसुद्धा चुकत नाही. आई खाली आली, पाणी ओतलं, आणि भांडं काटेरी झुडपांत भिरकावून दिलं.

"डोळे कुठे होते गं तुझे?"

मुलाने मान आणखी खाली घातली. कान लाल झाले.

"मी नवं आणून देईन, मावशी."

"तुझ्या भांड्यात आम्ही तोंड धुवायचं होय? आधी घोडी नीट उभी कर, मग बोल."

केस कापले तर औषध सोपं होतं. पण बापाने त्या झालरीला कधी कात्री लावली नव्हती. "मग नाही कापायचे," तो म्हणाला. "बोटांनी सोडवू."

त्याने वाढलेले खूर कापून घासले, आणि मग तो रोज येऊ लागला. दोघं गुडघे टेकून बसत, बट बट वेगळी करत. लाकडाच्या भुशाने ओल टिपत, मग तेलात गंधक कालवून मुळाशी चोळत. त्याची बोटं एकीकडून येत, तिची दुसरीकडून... मधे कुठेतरी टेकत, आणि थांबत.

"गंधकाचा वास येतोय तुला," ती म्हणे.

"तुलाही."

मग दोघं पुढची बट हातात घेत.

शनिवारी खाटकाची लॉरी आली. मुलाने टॅन्सीला दोरीने धरून कडक रस्त्यावर आणलं. टॅन्सीने पाऊल टाकलं, सपाट, पूर्ण. दुसरं टाकलं. झालर हलत गेली.

"काका, मला द्या," मुलगा म्हणाला. "मीही परक्याच घरचा."

"बदल्यात काय?"

तो कुत्रीपाशी वाकला. मग कुत्रीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिला काकाकडे ढकललं. काकाने त्याच्या तळहातावर हात मारला. सौदा झाला. लॉरी रिकामी गेली.

"गेली म्हणायची," लेमेंटिना टॅन्सीकडे बघत म्हणाली. डोळे भरले होते. "काय करणार... त्याचं काही ठेवत नाहीत घरात."

"काहीच?"

"काहीच."

"मग—" त्याने दोरी हाताला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. "मग तुला कशाला ठेवलंय? तूही त्याचीच ना?"

तिने दोरीचं दुसरं टोक धरलं.

आई पायरीवर बटाटे सोलत होती. वर न बघता म्हणाली, "भांडं फेकलं, त्याच दिवशी मुलगी गेली होती. आता निदान त्याला सांग, गुलाबाचंच आण."

त्याने गुलाबाचंच आणलं. सप्टेंबरात, बिअरसाठी हॉपची फुलं तोडायच्या हंगामात त्यांचं लग्न झालं.

टॅन्सी त्यांच्यापाशीच म्हातारी झाली, एकोणीसशे एक्क्याऐंशीत मेली. मागे तिच्या नाती, पणत्या. सगळ्यांचे पाय तसेच अनवाणी, तशीच झालर. त्यांतली शेवटची घराबाहेर गेली तेव्हा लेमेंटिनाने परक्याच्या हाती दोरी द्यायच्या आधी तिचे खूर स्वतः घासले, केस सोडवले, भुसा लावला. या वेळी दुसरीकडून बोटं आली नाहीत. ती घोडी तिच्या नवऱ्याची होती, म्हणून जायलाच हवी होती.

लेमेंटिना त्याचं नाव घेत नाही. म्हणून मीही ते लिहिलेलं नाही. तो दोन हजार अकराच्या मार्चमध्ये गेला.